अडतीस हात

मोरूच्या कारखान्यात वर्षाला चारशे गणपती तयार होतात आणि त्या चारशेंना साचे सगळे मिळून सात. गिऱ्हाईक येतं, रांगेतून एक निवडतं, डोळे बारीक करून म्हणतं, "हा बघा, हा माझ्याकडं बघून हसतोय." मोरू मान डोलावतो. शेजारचे साठ गणपतीही अगदी तसेच हसत असतात, पण ते सांगायची पद्धत नाही. घरी नेऊन पाटावर बसवला, पूजा झाली, की तो ज्याचा त्याचा. यात फसवणूक कसली? एवढं तत्त्वज्ञान मोरूला पुरत होतं, आणि पन्नाशी उलटेपर्यंत त्याचं कुठं अडलं नाही.

तसा माणूस कर्तबगार. भिवपुरीच्या पॉवर हाउसच्या खालच्या अंगाला बापाची भातशेती होती. भावाभावांत वाटणी झाल्यावर मोरूच्या वाट्याला जे आलं त्यात बैल वळवायचा तर शेजाऱ्याच्या बांधावर जावं लागे. म्हणून सोळाव्या वर्षी तो पेणला गेला, सहा वर्षं एका मूर्तिकाराकडे माती मळली आणि रबराचा साचा धरायची विद्या घेऊन परत आला. रस्त्याला लागून पत्र्याची शेड टाकली. पॉवर हाउसच्या कॉलनीतला गणपती पहिल्याच वर्षी त्याच्याकडे आला तो आजतागायत त्याच्याकडेच आहे. डोळे रंगवायला त्याच्याहून चांगली माणसं होती, पण साच्यात त्याचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. हे तो स्वतःच इतक्यांदा सांगे, की लोकांवर सांगायची वेळ येत नसे.

सई त्याच्याकडं आली ती हीच कीर्ती ऐकून. सई म्हणजे कर्जतच्या दत्तोपंत वकिलांची नात. मुंबईत शिल्पकला शिकली, आणि आता मोठमोठ्या शहरांच्या गॅलऱ्यांत तिची कामं लागतात. तिच्या मनात होते शंभर बायकांचे उजवे हात. आपल्या भागात भात लावणाऱ्या बायकांचे, खऱ्या हातावरून काढलेले, रेघ न् रेघ उमटलेले. ते छतापासून तारांनी खाली सोडायचे, बोटं जमिनीकडे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, लावणी करताना असतात तसे. खाली चिखल नाही, रोप नाही, नुसती गुळगुळीत फरशी. आणि प्रत्येक हाताला त्या त्या बाईचं नाव.

"पन हे घेनार कोन?" मोरूनं विचारलं.

"ते माझ्यावर सोडा, मोरूदादा. तुम्ही एवढंच सांभाळा, की प्रत्येक हात ज्याचा त्याचा असला पाहिजे. दोन हात सारखे नकोत."

मोरूनं मान डोलावली.

काम मोठं मजेचं होतं. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ती पावडर बालदीत पाण्यात कालवायची. बाईनं मनगटापर्यंत हात आत घालायचा आणि ते थिजेपर्यंत, सात-आठ मिनिटं, बोट न हलवता थांबायचं. मग हात सोडवून घेतला की आत पोकळी राहते, तिच्यात प्लास्टर ओतायचं. अशा पोकळीतून हात एकदाच निघतो, मग ती फाटते आणि टाकून द्यावी लागते. तेवढा वेळ बाईचं मनगट मात्र कुणीतरी धरून ठेवावं लागे. परक्या पुरुषानं ते धरणं बरं दिसत नाही, म्हणून मोरू बायकोला, गोदाला, सोबत नेई. वैशाखात दोघांनी मिळून खालच्या सात गावांतले बासष्ट हात घेतले. बायका लाजायच्या, गुदगुल्या होतात म्हणून खिदळायच्या, सुना सासूला पुढं ढकलायच्या. घरोघरी चहा व्हायचा.

राहिले अडतीस. ते वरच्या कातकरवाडीतले. खालच्या गावांची निम्मी लावणी आता त्याच बायका करतात, म्हणून सईनं त्यांना मुद्दाम धरलं होतं. त्यातली चिंधी मोरूच्या ओळखीची. ती रविवारी करवंदं घेऊन बाजाराला उतरे. मोरूनं तिच्याकडून अडतीस नावं वहीत उतरवून घेतली आणि म्हणाला, "उद्या सोमवारी येतो गं वर. समद्यांना सांगून ठेव, कुटं जाऊ नका."

सोमवारी मोरू गेला नाही.

स्वतःला सांगायला त्याच्याजवळ कारणं पुष्कळ होती. दीड तासाची चढण. बालद्या, पावडरीचं पोतं, आणि वर पाण्याची बोंब. गुडघे दुखतात. गणपतीच्या ऑर्डरी डोक्यावर आल्या आहेत. गोदा तर पदर खोचून तयार होती, तिला म्हणाला, "ऊन बग केवडं, तू कशाला मरतेस." यातलं एकेक खरं होतं आणि खरं कारण यात नव्हतं. लहानपणी वाडीवरच्या बायका पाणी मागायला आल्या की मोरूची आई वरून ओंजळीत पाणी घाली, तांब्याला हात लागू देत नसे. मोरू तसलं काही पाळत नाही, निदान चारचौघांत तसंच म्हणतो. पण ज्या बालद्यांत ते हात बुडणार, त्याच बालद्यांत आठ दिवसांनी गणपतीचं प्लास्टर कालवायचं, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. आला तसा त्यानं तो झटकला आणि त्याच्या जागी गुडघे ठेवले.

मग धंद्यात जे करतात ते त्यानं केलं. गोदाचा हात बासष्टांत पहिला निघालेला होता. त्यावरून त्यानं रबराचा साचा धरला आणि अडतीस हात ओतले. गोदाच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी मुसळाखाली सापडल्यापासून आत मुडपलेली. पहिल्या दहा-बारा हातांची करंगळी त्यानं कापून सरळ बसवली, कुठं नख रुंद केलं, कुठं वण कोरला. पुढं कंटाळा आला. शंभर हातांत करंगळ्या कोण बघत बसतंय? आणि वाडीवरच्या बायका काय मुंबईला जाणार आहेत? वहीतली अडतीस नावं त्यानं सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्यांवर लिहिली.

सगळे हात बघून सईच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, तुम्ही नसतात तर हे झालंच नसतं," ती म्हणाली. त्या क्षणी सांगता आलं असतं. मोरू म्हणाला, "चालायचंच."

प्रदर्शन दसऱ्यानंतर लागलं, आणि सईनं बायकांसाठी बस केली. ज्यांचे हात त्यांनी आधी बघायला हवेत, असं तिचं म्हणणं. "वाडीवरच्या नाय येनार, ताई," मोरू घाईघाईनं म्हणाला. "मी इचारलं. त्यांना काम हाय." त्यानं कुणालाच विचारलं नव्हतं. एक खोटं झाकायला दुसरं लागतं, आणि दुसरं बोलताना जीभ पहिल्यासारखी अडखळतही नाही.

पण गावात बस येणार ही गोष्ट थोडीच लपते? बाजारात ती चिंधीच्या कानावर गेली, आणि निघायच्या दिवशी सकाळी फाट्यावर ती उभी होती, सोबत आणखी पाच जणी. धुतलेली लुगडी, केसांना तेल, एकीच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मोरू पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्यानं मान वळवली नाही.

लोधिवलीला बस चहाला थांबली तेव्हा चिंधी त्याच्याजवळ आली. "दादा, तू आला नायस त्या सोमवारी."

"जमलं नाय गं."

"आमी कामाला गेलो नाय त्या दिशी. समद्यांनी साबन लावून हात धुतलं, म्हातारींनीबी. पोरी म्हनाल्या, आता कुनी कायला हात लावू नका, परत मळतील. सांजपर्यंत तशाच बसलो." ती तक्रार करत नव्हती, झालं ते सांगत होती. मग तिनं विचारलं, "तू आला नायस, मग आमचे हात कसे झाले?"

"झाले," मोरू म्हणाला, आणि अर्धा चहा तसाच टाकून बसमध्ये चढला.

गॅलरी फोर्टात, एका जुन्या इमारतीत होती. दारात चपला काढायच्या की नाही यावरून बायकांचा थोडा घोळ झाला, शेवटी सगळ्यांनी काढल्याच. आत शंभर हात लटकत होते. सईनं दिवे असे लावले होते की हातांच्या सावल्या फरशीवर पडत, आणि वाकल्याशिवाय एकही हात नीट दिसत नव्हता. मुंबईची चांगल्या कपड्यांतली माणसं कंबरेत वाकून हळूहळू पुढं सरकत होती. आपल्या बायका आषाढात बांधाबांधाने सरकतात, अगदी तशी. मोरूनं हे हात कारखान्यात पोत्यावर पडलेले पाहिले होते. सई काय म्हणत होती ते त्याला आज इथं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

खालच्या गावच्या बायकांनी गॅलरी डोक्यावर घेतली. "अगं बया, हा बग माजा! ह्यो इळ्याचा वण!" "आन हे धोंडूबाईचं नख, तस्संच फुटकं!" सत्तरीची धोंडूबाई आपल्या हातासमोर फतकल मारून बसली आणि त्याच्या एकेका बोटावरून बोट फिरवत राहिली. "ह्यानं लय चिखल तुडवला," ती म्हणाली, आणि हात काय तुडवतो म्हणून सगळ्या हसल्या.

वाडीवरच्या सहा जणींना वाचता येत नव्हतं. त्या आल्या म्हणून हरखलेली सई स्वतः चिठ्ठ्या वाचून त्यांना एकेकीच्या हातापाशी नेऊ लागली. पहिली चिंधी. मोरू खांबाआड सरकला, पण तिथूनही त्याला सगळं दिसत होतं. चिंधी खाली बसली आणि तिनं आपला हात त्या हाताशेजारी धरला. तिचा हात आखूड, बोटं जाड, करंगळी सरळ. समोरचा हात लांबट, करंगळी आत मुडपलेली. गोदा तिच्या मागंच उभी होती. गोदानं तो हात पाहिला, मग शेजारचा पाहिला, मग त्याच्या पलीकडचा, आणि आपला उजवा हात पदराखाली घेतला.

तेवढ्यात वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. "चिंधीताई, हात असाच धरा हं," सई म्हणाली. "फोटो घेतायत. हा तुमचाच हात ना?"

दहा-पंधरा माणसं भोवती जमली. चिंधीनं एक शब्द काढला की तीस वर्षांचं नाव फुकट. ती बोलायच्या आत आपणच पुढं व्हावं, सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. ते वाटणं पायांपर्यंत काही पोचलं नाही. चिंधीनं मान वर केली. माणसांच्या गर्दीतून तिनं मोरूला शोधून काढलं आणि त्याच्याकडं बघत राहिली. मोरूनं नजर खाली घातली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा चिंधी आपली करंगळी हळूहळू आत वळवत होती, दुखेल इतकी, समोरच्या करंगळीशी जुळेपर्यंत.

"व्हय," ती म्हणाली. "माजाच हाय."

मागच्या पाच जणींनी ते पाहिलं. सई जिला जिला नेई, ती ती आपल्या नावाच्या हातापाशी बसे आणि करंगळी तशीच मुडपे. एकीच्या वाट्याला मोरूनं सरळ केलेली करंगळी आली होती. तिनं आपलं बोट ताठ ठेवलं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये गोदा त्याच्या शेजारी येऊन बसली. पनवेल मागं पडल्यावर खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "अडतीस हात केलेत माजे. एकानं तरी तुमाला थोपवायला हवं व्हतं."



चार दिवसांनी पेपरात फोटो आला. चिंधी, तिचा हात, आणि प्लास्टरचा हात. गावाच्या मंडळानं मोरूला देवळात बोलावून शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्ष म्हणाले, या माणसानं आपल्या गोरगरीब भगिनींचे हात मुंबईपर्यंत नेले. टाळ्या पडल्या. मोरू शालीखाली घामाघूम होऊन उभा होता, आणि लोकांना वाटलं माणूस भारावून गेला. देवळात गणपती होता, तोही त्याच्याच कारखान्यातला. मोरूला त्याच्याकडं बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. अडतीस, गोदा, रबराचा साचा. गुडघ्यांचं कारण सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

सईनं अगदी हलक्या आवाजात विचारलं, "हे अजून कुणाला सांगितलंत, दादा?"

"नाय."

"नका सांगू. ते काम एका विमानतळासाठी ठरलंय. कायमचं, नावांसकट. आता झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या." तिचा आवाज कापत होता. पोरगी वाईट नव्हती. तिलाही लाज वाटतच होती, हे मोरूला फोनवरही समजलं. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. मोरूला तसं काही वाटलं नाही. लाजेत दुसरं माणूस भागीदार झालं, तरी त्याच्या वाट्याची तिळभर कमी झाली नाही.

मग एका सकाळी तो वाडीवर निघाला. दीड तासाची चढण गुडघ्यांनी निमूट पार केली. पिशवीत देवळात मिळालेली शाल होती, ती चिंधीला द्यायची असं त्यानं ठरवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो वाडीत पाऊल टाकत होता. चिंधी दारात बसून भांडी गोणपाटात बांधत होती. दिवाळी जवळ आली होती, मग वाडी वीटभट्टीवर जाणार.

मोरू उभ्याउभ्याच बोलला. वाटेत जुळवलेलं सगळं त्यानं एका दमात म्हटलं. "चिंधे, तुजे उपकार फेडता येनार नायत मला. त्या दिशी तू माजी लाज राखलीस." आणि शाल पुढं केली.

चिंधीनं शालीकडं पाहिलं, घेतली नाही. "तुजी?"

"करंगळी वाकवलीस ती. मला वाचवायला."

"तुला कायला वाचवू?" चिंधी म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं गोणपाटाची गाठ मारली, मग म्हणाली, "रेशनच्या दुकानात ते मशीन हाय ना, अंगठा लावायचं. आमचे अंगठे इटा उचलून घासलेले. मशीन म्हनतं, ही चिंधी नाय. दुकानवाला म्हनतो, हात धुऊन ये. धुऊन आलो तरी नाय. मग आमी असा दाबतो, तसा दाबतो, वाकडा करतो, कसाबी करून जुळवतो. जुळलं तर मी चिंधी, नायतर रिकामी पिशवी घेऊन वर या." "तितंबी तसंच झालं. नाव माजं लिवलेलं, आन हात जुळंना. समदी बगत व्हती. म्हनलं, आता ती ताई म्हननार, तू खोटी आलीस, बसमदी घेत नाय तुला."

"पन तुला म्हाईत व्हतं, मी आलोच नव्हतो वर."

"म्हाईत व्हतं. पन येवड्या मोठ्या मानसांनी येवड्या दिव्यांखाली लावलेला, तो खोटा कसा आसंल? तुला इचारावं म्हनून तुज्याकडं बगितलं. तू खाली बगितलंस. मंग कळलं, तुजाबी माज्यावर इस्वास नाय."

आपल्या गप्प बसण्याचा मोरूनं इतके दिवस सगळ्या बाजूंनी विचार केला होता. ही बाजू त्याच्या स्वप्नातही आली नव्हती. तो हात गोदाचा आहे, असं त्यानं सांगितलं. अडतीसच्या अडतीस गोदाचे आहेत. सोमवारी येतो असं मीच सांगितलं होतं आणि मी मुद्दाम आलो नाही. मुद्दाम का, तेही त्यानं सांगितलं, आईच्या तांब्यापासून बालदीपर्यंत, अडखळत, पण काही न गाळता.

चिंधी ऐकत होती. बालदीचं ऐकून तिच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही, ते तिला नवं नसावं. सगळं संपल्यावर तिनं आपला उजवा हात समोर धरला, पालथा केला, उलथा केला, करंगळी एकदा मुडपून पुन्हा सरळ केली.

"म्हंजी माजा हात बरोबर व्हता?" तिनं विचारलं.

"व्हय," मोरू म्हणाला. तेवढं म्हणतानाही त्याला तिच्याकडं बघता आलं नाही.